प्रेक्षक उद्या का येईल? : मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना खुले पत्र

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे सर्व कार्यक्रमप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एका वाहिनीच्या कार्यालयात मी एक कल्पना घेऊन आलो होतो. वाहिनी कुठली ते सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही दारात वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. कल्पना साधी होती. दर रविवारी रात्री एक एकांकिका दाखवायची. तासाभरात संपणारी, नव्या लेखकाची आणि थेट प्रक्षेपित होणारी. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. तिथे म्हणाल्या, "सर, गोष्ट त्याच रात्री संपली तर प्रेक्षक उद्या का येईल?" तेवढ्यात लिफ्ट आली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं.

मी नाटकांची प्रकाशयोजना करणारा माणूस. वेळेवर उत्तर सुचणं हे नटांचं काम, आमचं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. शोधत गेलो तेव्हा कळलं, की अमेरिकेतल्या टेलिव्हिजनने सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रश्न दहा-अकरा वर्षं बाजूला ठेवला होता. तेवढ्या काळात जे झालं त्याला तिकडे टीव्हीचं सुवर्णयुग म्हणतात. मग तोच प्रश्न परत आला आणि ते युग संपलं. दोन्ही गोष्टी सांगतो. अर्धी सांगितली तर तुम्हीच मला पकडाल.

7 मे 1947 ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' सुरू झालं. क्राफ्ट म्हणजे चीजवाले. दर बुधवारी रात्री तासाभराचं एक पूर्ण नाटक, पुढच्या बुधवारी नवी गोष्ट, नवी पात्रं, नवं नेपथ्य. मध्ये जाहिरात, तीही थेट. पडद्यावर फक्त दोन हात दिसायचे, ते चीज कापायचे, सॅंडविच रचायचे आणि निवेदकाचा आवाज कृती सांगायचा. आपल्याकडच्या दुपारच्या पाककृती कार्यक्रमाचे हे पणजोबाच म्हणा. 1958 पर्यंत या एका मालिकेने साडेसहाशेच्या वर नाटकं केली. पाठोपाठ 1948 मध्ये एनबीसीवर रविवारचं 'फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस' आलं, सीबीएसवर 'स्टुडिओ वन' आलं. फिल्को रेडिओ-टीव्ही संच बनवायची, 'स्टुडिओ वन'च्या मागे फ्रिज विकणारी वेस्टिंगहाउस होती. यातल्या कुणालाही कलेची सेवा करायची नव्हती, माल खपवायचा होता. हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे मी भाबडेपणाने बोलतोय असा समज व्हायला नको.

मग नाटकच का? याचं कारण गमतीचं आहे. हॉलिवूडचे स्टुडिओ टीव्हीला शत्रू समजत. आपले सिनेमे द्यायचे नाहीत, करारातले तारे द्यायचे नाहीत, हे धोरण. गाजलेल्या नाटकांचे आणि कादंबऱ्यांचे हक्कही बऱ्याचदा त्यांनीच विकत घेऊन ठेवलेले. टीव्हीच्या हाती उरलं काय? न्यूयॉर्कमधले रिकामे नट आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही असे लेखक. चांगलं साहित्य मिळेना म्हणून नवं लिहून घ्यावं लागलं. ज्याला आपण सुवर्णयुग म्हणतो त्याच्या मुळाशी ही टंचाई आहे. त्यात 1948 ते 1952 नव्या केंद्रांचे परवाने सरकारने रोखून धरले होते, त्यामुळे प्रेक्षक बराचसा मोठ्या शहरांतला, नाटक या गोष्टीची सवय असलेला.

कामाची पद्धत वाचली तेव्हा मला थेट आमच्या तालमी आठवल्या. आठवडा-दीड आठवडा एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये तालीम. जमिनीवर चिकटपट्टीने भिंती, दारं, खिडक्या आखायच्या, खुर्च्यांचा पलंग करायचा. शेवटचे एक-दोन दिवस खऱ्या स्टुडिओत, कॅमेऱ्यांसह. कॅमेऱ्याला झूम नव्हती. पुढे चार भिंगांची फिरती चकती असायची, चौकट बदलायची तर चकती फिरवायची, आणि ती फिरताना पडद्यावर दुसरा कॅमेरा हवा. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना नटी दोन सेटच्या मधल्या बोळातून धावत कपडे बदलायची. कधी खालचे कपडे आधीच घालून वर दुसरे चढवलेले असायचे. मेलेलं पात्र कॅमेरा आपल्यावर नाही असं समजून उठून चालू लागायचं आणि देशभर दिसायचं. आमच्याकडे असं झालं तर चारशे माणसं हसतात आणि विषय तिथेच संपतो!

याच घाईत कधी कधी वेडं धाडसही व्हायचं. 28 मार्च 1956 ला क्राफ्टने टायटॅनिक बुडवली. थेट. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, 107 नट, 31 सेट, सात कॅमेरे. एवढ्याशा स्टुडिओत पाणी, धूर, कलंडणारे पलंग. ज्याने आयुष्यात एकदा तरी नेपथ्यबदलाच्या काळोखात पायाचं बोट ठेचून घेतलंय, त्यालाच 31 सेट म्हणजे काय ते कळेल.

पण मला जास्त ओढ आहे ती लहान गोष्टींची. 24 मे 1953 च्या रविवारी 'मार्टी' झालं. लेखक पॅडी चायेफ्स्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान. गोष्ट काय? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात मटणाच्या दुकानात काम करणारा, पस्तिशी उलटलेला, दिसायला बेताचा माणूस. लग्न जमत नाही. धाकट्यांची सगळ्यांची झाली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारतं, तुझं कधी? आई म्हणते, जा, नाचाच्या हॉलमध्ये जाऊन ये, मुली असतात तिथे. तो जातो. त्याच्यासारखीच एक नाकारलेली शिक्षिका भेटते. दोघं बोलतात. मित्र म्हणतात, ती काय दिसायला बरी नाही. आणि हा शेवटी फोनचा डायल फिरवतो. बस, इतकंच. खून नाही, कारस्थान नाही, विष कालवलेली खीर नाही. मार्टी झालेल्या रॉड स्टायगरचा तो जाडसर, घामेजलेला चेहरा छोट्या पडद्यावर जवळून दिसला आणि लोकांना आपल्या घरातला माणूस दिसला. दोन वर्षांनी त्याचा सिनेमा झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली.

हा विषय चायेफ्स्कीला सुचला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. आधीच्या एका नाटकाच्या तालमी हॉटेलच्या नाचघरात चालू होत्या. संध्याकाळी तिथे एकट्या माणसांचा क्लब भरायचा. भिंतीवर मुलींसाठी पाटी होती, जो विचारेल त्याच्याबरोबर नाचा, पुरुषांनाही मन असतं, अशा अर्थाची. तालमीला आलेल्या लेखकाने पाटी वाचली आणि त्याला नाटक सापडलं. आता विचार करा. तुमच्या मालिकेचा लेखक रोज दोन एपिसोडचे संवाद लिहून पाठवतो, सेटवर त्याला कुणी ओळखत नाही, तालीम नावाची गोष्टच उरलेली नाही. पाटी वाचायला तो जाणार कुठे?

दुसरं उदाहरण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते टीव्हीचं आहे हे माहीत नसेल. रेजिनाल्ड रोझ नावाचा लेखक न्यूयॉर्कमध्ये ज्यूरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांत, बसला. बंद खोलीत बारा अनोळखी माणसं एकमेकांवर कशी तुटून पडतात ते त्याने पाहिलं आणि लिहिलं 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. 20 सप्टेंबर 1954 ला 'स्टुडिओ वन'वर ते थेट झालं. एक खोली, एक टेबल, बारा माणसं. सिडनी ल्युमेटचा सिनेमा त्यानंतर, 1957 मध्ये. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फ़ैसला' 1986 मध्ये. आपल्यापैकी कित्येकांनी तो रात्री जागून पाहिलाय. आणि आपल्या महाविद्यालयांतून एका खोलीत भांडणाऱ्या माणसांच्या किती एकांकिका होऊन गेल्या, ते मोजायला गेलं तर माझी प्रकाशयोजनेची वही पुरायची नाही.

तिसरा रॉड सर्लिंग. सत्तरेक संहिता टीव्हीवर गेल्या तरी नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. 12 जानेवारी 1955 ला क्राफ्टवर त्याचं 'पॅटर्न्स' झालं. मोठ्या कंपनीच्या कार्यालयात म्हाताऱ्या अधिकाऱ्याला अपमान करकरून बाहेर काढायचं आणि त्याच्या जागेवर तरुणाला बसवायचं, अशी गोष्ट. प्रतिसाद असा आला, की महिनाभराच्या आत, 9 फेब्रुवारीला, सगळ्या नटांना परत बोलावून ते नाटक पुन्हा करावं लागलं. लक्षात घ्या, पुन्हा 'दाखवलं' नाही, पुन्हा 'केलं'. दाखवण्यासारखी टेप तेव्हा नव्हतीच. नाटकाचा दुसरा प्रयोग लागला, इतकंच.

तर बाई, लिफ्टच्या दारातलं उत्तर पहिल्यांदा इथे देतो. त्या प्रेक्षकाला ठाऊक होतं की उद्या ही गोष्ट नसेल, म्हणूनच तो आज यायचा. आज चुकलं तर चुकलं. आणि पुढच्या रविवारी तो यायचा तो पात्रांसाठी नाही, तर गेल्या वेळी शब्द पाळला गेला होता म्हणून. आमच्या नाट्यगृहात माणूस येतो तो याच हिशेबाने.

आता दुसरी बाजू.

पैसे जाहिरातदाराचे, म्हणून लाल पेन्सिलही त्याचीच. रोझने एक नाटक लिहिलं होतं, गोऱ्यांच्या वस्तीत काळं कुटुंब राहायला येतं आणि शेजारी त्यांना हुसकावायला निघतात. अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे प्रेक्षक रागावतील म्हणून नकार. शेवटी 'थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट' या नावाने 1954 मध्ये ते झालं, पण काळ्या माणसाच्या जागी शिक्षा भोगून आलेला कैदी घालून. सर्लिंगचं आणखी वाईट झालं. मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला 1955 मध्ये ठार मारलं गेलं, मारेकरी सुटले. सर्लिंगला त्यावर लिहायचं होतं. पोलाद कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या मालिकेत ते 'नून ऑन डूम्सडे' म्हणून 1956 मध्ये झालं तेव्हा गाव दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये ठेवलं होतं, मेलेला माणूस कुणीतरी अनाम परका झाला होता आणि सेटवरून कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा काढल्या होत्या, कारण त्यांच्यामुळे दक्षिणेची आठवण होईल! हसू येतं आणि मग येत नाही. 1959 मध्ये सीबीएसच्या 'प्लेहाउस 90'वर नाझींवरच्या न्युरेंबर्ग खटल्याचं नाटक झालं. पैसे गॅस कंपन्यांच्या संघटनेचे. ज्यूंना मारण्याच्या संदर्भात 'गॅस' हा शब्द जिथे जिथे आला, तिथे आवाज बंद केला गेला. नट क्लॉड रेन्सचे ओठ हलतात आणि ऐकू काहीच येत नाही.

आणि काळ्या यादीबद्दल बोलायलाच नको. 1950 मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली, तिच्यात 151 कलावंतांची नावं, कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयाने छापलेली. कित्येकांना काम मिळेना, कारणही कुणी सांगेना. 'सुवर्णयुग' हा शब्द मी उच्चारतो तेव्हा जरा जीभ चावूनच.

संपलं ते का, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. फिल्मवर केलेली मालिका परत परत विकता येते, थेट नाटक दुसऱ्या दिवशी सकाळी शिळं. अनामिक लेखकापेक्षा तोच तो शेरीफ, तोच डिटेक्टिव्ह विकायला सोपा. 1955 च्या जूनमध्ये 64,000 डॉलरच्या प्रश्नाची स्पर्धा सुरू झाली आणि लोक तिकडे धावले. 1956 मध्ये व्हिडिओटेप आली. काम न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला सरकलं. शिवाय ज्या कंपनीला गाड्या, साबण आणि फ्रिज हसऱ्या घरात विकायचे, तिला ब्रॉन्क्समधला एकटा खाटीक शेवटी कशाला हवा? म्हणजे तुमच्या सहकारी बाई बरोबर होत्या. 'उद्या'च्या प्रश्नानेच ते सगळं बुडवलं. सर्लिंग 1959 मध्ये 'ट्वायलाइट झोन' या अद्भुत कथांच्या मालिकेकडे वळला. माणसांबद्दल जे बोलू देत नाहीत ते परग्रहवासीयांच्या तोंडी घालता येतं हे त्याला कळलं होतं.

तरीही हिशेब मांडा. त्या दहा-अकरा वर्षांत थेट नाटकं बसवणाऱ्यांपैकी डेल्बर्ट मान, फ्रँकलिन शॅफ्नर आणि जॉर्ज रॉय हिल या तिघांना पुढे दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. ल्युमेट आणि जॉन फ्रँकनहायमर तिथलेच. पॉल न्यूमन, ग्रेस केली, जेम्स डीन याच स्टुडिओंतून धावले. आणि हॉर्टन फूटचं 'द ट्रिप टू बाउंटिफुल' 1953 मध्ये आधी टीव्हीवर झालं, मग त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलं. टीव्हीवरचं नाटक नाट्यगृहाने उचललं, असं आपल्याकडे शेवटचं कधी झालं, सांगा.

आता मुद्द्याचं. अमेरिकन टीव्हीला लेखक शोधत फिरावं लागलं. तुम्हाला तेवढेही कष्ट नाहीत. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत मी जितकी वर्षं उभा राहिलो तितकी वर्षं मी एकच दृश्य पाहत आलोय. महाविद्यालयातली पोरं महिना-दोन महिने रात्र रात्र तालीम करतात, 'अरे आवाज कुणाचा'ने छत हादरवतात, तासाभरात एक संपूर्ण जग उभं करून मोडतात. मग निकाल लागतो. काहींना करंडक मिळतो, बाकीच्यांची संहिता कपाटावरच्या पिशवीत जाते. मुंबई, औरंगाबाद, नागपूर, कोल्हापूर, गोवा, सगळीकडे हेच. दरवर्षी बसलेली, पाठ झालेली, प्रकाश-संगीतासकट तयार असलेली नाटकं आपण फेकून देतो. नेपथ्य म्हणजे दोन ठोकळे आणि एक चौकट. याहून स्वस्त कार्यक्रम तुम्हाला कुणी देणार असेल तर त्याचं नाव मला कळवा.

म्हणून मागणी. बारा रविवार द्या, जास्त नको. राज्यातल्या बारा एकांकिका, एखाद्या नाट्यगृहातून किंवा स्टुडिओतून, तीन-चार कॅमेऱ्यांवर, थेट. 'थेट'चं मला आंधळं प्रेम नाही. त्याचा हट्ट दोन कारणांसाठी आहे. एक, संकलनाचा खर्च वाचतो. दुसरं, झाल्यावर कुणी निवांत बसून त्याला कात्री लावू शकत नाही. प्रायोजकाचं नाव सुरुवातीला, मध्ये, शेवटी, हवं तितक्या वेळा दाखवा. सॅंडविच करून दाखवा. फक्त त्याला संहिता वाचायला देऊ नका. पाटीवर लेखकाचं नाव दिग्दर्शकाच्या आधी आणि मोठं टाका. चूक झाली तर होऊ द्या. 1956 मध्ये 'रिक्विम फॉर अ हेवीवेट' या थेट टीव्ही-नाटकाच्या तालमींत जुने विनोदी नट एड विन इतके अडखळत होते की दुसरा नट त्यांच्या जागी तयार ठेवला होता. प्रयोगात मात्र ते उभे राहिले ते शेवटपर्यंत. त्यांचा मुलगा त्याच नाटकात समोर काम करत होता. असलं काही तुमच्या 'महाएपिसोड'मध्ये लिहून मिळणार नाही.

आणि कृपा करून रेकॉर्डिंग जपा. त्या काळी मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून किनेस्कोप काढत. पुष्कळ फेकून दिले गेले. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चा कित्येक वर्षं फक्त पूर्वार्ध शिल्लक होता. पूर्ण प्रत 2003 मध्ये सापडली ती वाहिनीच्या कपाटात नाही, एका दिवंगत वकिलाच्या घरात. आपल्याकडे वकिलांच्या भरवशावर राहू नये.

बारा रविवारांनंतर आकडे पडले तर मी स्वतः येऊन तसं कबूल करीन. माझ्याकडे आत्ता घरात वीस-बावीस संहिता आहेत, त्यातल्या निम्म्या हस्तलिखित, काहींवर चहाचे डाग. बोलवाल त्या दिवशी घेऊन येतो. फक्त यावेळी वरच्या मजल्यावर बसूनच बोलू, लिफ्टपर्यंत सोडायला येऊ नका. मी जिन्याने जाईन.

आपला,
विंगेतला एक प्रकाशयोजनाकार, पुणे